बेटी हाइमान : उपनिषदांपासून उपसर्गांपर्यंत

जर्मन भारतविद्येचा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो, तेव्हा माक्स म्युलर, डॉयसन, याकोबी, ल्यूडर्स ही नावे ठरल्याप्रमाणे ओळीने येतात. या नामावळीत स्त्रीचे नाव सहसा आढळत नाही. बेटी हाइमान (१८८८-१९६१) हे नाव तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना परिचित आहे. परंतु तो परिचय बहुधा १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंडियन अँड वेस्टर्न फिलॉसॉफी' या एका ग्रंथापुरता असतो. त्या मूलतः भाषाशास्त्राच्या मार्गाने तत्त्वज्ञानाकडे आलेल्या विदुषी होत्या आणि अखेरीस भाषेकडेच परतल्या, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. भारतीय मनाची घडण कशी आहे, या अतिशय व्यापक प्रश्नापासून त्यांनी आरंभ केला, आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी संस्कृतातील प्र, वि, सम् या चिमुकल्या उपसर्गांवर एक लहानसे पुस्तक लिहिले. माझ्या मते त्यांच्या कामापैकी टिकण्याजोगे काम हे दुसरे होय. तेथवर त्या कशा पोहोचल्या, हे पाहण्यासाठी त्यांचे चरित्र थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे.

हाइमान यांचा जन्म २९ मार्च १८८८ रोजी हांबुर्गलगतच्या वान्ड्स्बेक या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील पेढीचा व्यवसाय करीत. त्या काळच्या जर्मनीत सुखवस्तू घरातील मुलीलाही विद्यापीठाचे दार सहजासहजी उघडत नसे. बाडेन राज्याने १९०० साली स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला; प्रशियाला त्यासाठी १९०८ साल उजाडावे लागले. म्हणजे हाइमान विशीत आल्या, तेव्हा कुठे त्यांच्या भोवतालच्या विद्यापीठांनी स्त्रीला विद्यार्थिनी म्हणून मान्यता दिली. ग्रीक आणि लॅटिन या अभिजात भाषा, त्यांच्या जोडीला संस्कृत आणि तत्त्वज्ञान, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. त्यांची डॉक्टरेट १९२१ साली कील येथे झाली.

कील हे त्या काळी वेदान्ताच्या युरोपीय अभ्यासाचे एक मोठे केंद्र होते, कारण पाउल डॉयसन यांनी तेथे १८८९ पासून १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत अध्यापन केले होते. साठ उपनिषदांचा त्यांचा जर्मन अनुवाद १८९७ साली निघाला. १८९३ च्या फेब्रुवारीत मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे त्यांनी वेदान्तावर दिलेले व्याख्यान आपल्याकडेही गाजले होते. डॉयसन यांचा वेदान्त म्हणजे शांकरवेदान्त. इतर आचार्यांकडे ते उपेक्षेनेच पाहत, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. अशा गावी हाइमान यांनी प्रबंधाला विषय घेतला तो मध्वाचार्यांच्या काठकोपनिषद्भाष्याचा. मूळ संस्कृत पाठ, त्याचा जर्मन अनुवाद आणि टिपा असे स्वरूप असलेला हा प्रबंध १९२२ साली लाइप्झिग येथे छापला गेला. हेल्मुट फॉन ग्लासेनाप यांचा मध्वमतावरील सुप्रसिद्ध ग्रंथ त्याच्या पुढच्या वर्षीचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीचे धाडस कळून येते.

मध्वाचार्यांचे भाष्य हे काही नवशिक्याचे काम नव्हे. ते त्रोटक असते, आज अन्यत्र न सापडणाऱ्या ग्रंथांचे आधार देते, आणि शब्दांची फोड असा अर्थ मिळेल अशा रीतीने करते की अद्वैताची सवय झालेला वाचक थबकतो. छांदोग्यातील सर्वश्रुत महावाक्याच्या आधीच्या संधीतून या आचार्यांनी एक नकारार्थी 'अ' बाहेर काढला आणि जीव-ब्रह्माच्या ऐक्याच्या वाक्यातून त्यांचा भेद सिद्ध केला, हे येथील वाचकांना सांगावयास नको. एका अक्षराने दर्शन बदलते. हा प्रसंग हाइमान यांच्या प्रबंधाच्या विषयातला नव्हे. परंतु अशा भाष्यकाराच्या सहवासात ज्या अभ्यासकाची पहिली वर्षे गेली, तिचे लक्ष पुढे शब्दाच्या आरंभी बसलेल्या लहान अवयवांकडे वळावे, यात मला नवल वाटत नाही.

त्यांनी पदवी घेतली त्याच वर्षी कीलच्या अध्यासनावर एफ. ओटो श्रादर आले. हे गृहस्थ मद्रासमधील अड्यार ग्रंथालयाचे संचालक होते. पाञ्चरात्र आगमावरचा त्यांचा ग्रंथ १९१६ साली तेथूनच निघाला. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना आपल्या अहमदनगरच्या छावणीत बंदिवासात राहावे लागले होते. प्रस्तुत लेख पेरुंगुडीत लिहीत असताना ते ग्रंथालय उत्तरेस सात-आठ किलोमीटरवर, नदीच्या अलीकडच्या काठीच आहे. जर्मन भारतविद्या ही जर्मनीत बसून केलेली पुस्तकी विद्या होती असा आपला एक सोयीस्कर समज आहे. निदान हाइमान यांच्या भोवतीच्या माणसांना तो लागू पडत नाही.

पुढचे गाव हाले. हाइमान यांनी १९२३ साली तेथे, उपनिषदांतील ईश्वरकल्पनेच्या विकासावर निबंध सादर करून, विद्यापीठात स्वतंत्रपणे व्याख्याने देण्याचा अधिकार मिळवला. जर्मन विद्यापीठांत ज्याला हाबिलिटात्सिओन म्हणतात, तो हा अधिकार प्रशियात स्त्रियांना तत्त्वतः खुला झाला तो १९२० साली. भारतविद्येत तो मिळवणाऱ्या हाइमान या जर्मनीतील पहिल्या स्त्री होत. अधिकार मिळाला म्हणजे वेतन मिळाले असे नव्हे. अशा अध्यापकांना वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर काढावी लागत, आणि स्त्रीला अध्यासन मिळण्याची आशा तर जवळजवळ नव्हतीच.

हाले येथील प्राध्यापक ऑयगेन हुल्ट्श हेही मद्रासचेच. १८८६ पासून ते मद्रास सरकारचे पुराभिलेखतज्ज्ञ होते. दक्षिण भारतीय शिलालेखांच्या प्रचंड मालेचा पहिला खंड त्यांनी १८९० साली संपादित केला. मामल्लपुरम् आणि कांचीपुरम् येथील पल्लवांचे लेख अभ्यासकांना वाचावयास मिळाले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. १९०३ साली ते हालेला गेले आणि तेथूनच १९२५ मध्ये त्यांनी अशोकाच्या लेखांची नवी आवृत्ती पुरी केली. हाले आणि हा समुद्रकिनारा यांचे नाते याहूनही जुने आहे. त्सीगेनबाल्ग हे मिशनरी १७०६ साली तरंगम्बाडीस उतरले ते हालेच्या धर्मसंस्थेच्या आधारावर; त्यांचे तमिळ व्याकरण १७१६ साली हालेतच छापले गेले. मराठी वाचकाला आणखी एक दुवा आठवेल. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांचे पालक आणि गुरू असलेले श्वार्ट्स हेही हालेतच शिकलेले. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रहामागची जी जिज्ञासा आपण सरफोजींची म्हणून गौरवतो, तिला या गावाचाही थोडा हातभार आहे. जर्मन प्राच्यविद्या परिषदेचा ग्रंथसंग्रहही याच गावी. तेव्हा हाइमान एखाद्या आडगावी जाऊन पडल्या होत्या असे समजण्याचे कारण नाही.

हालेतील दहा वर्षांत त्यांच्या विचारांना निश्चित वळण लागले. उपनिषदांतील सुषुप्तिविषयक चिंतनावर त्यांनी आधीच लिहिले होते. पुढे भारतीय विचाराच्या संरचनेवरील त्यांचे निबंध 'कान्ट-श्टूडिएन' या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात आले. १९३० साली ट्युबिंगेन येथे निघालेल्या ग्रंथात त्यांनी भारतीय विचाराचे वेगळेपण शोधण्याचा प्रयत्न केला. संस्कृत शब्द वरवर अमूर्त दिसला तरी त्याच्या मुळाशी एखादी मूर्त हालचाल, एखादे दृश्य असते, आणि शब्दाचा इतिहास खणीत गेल्यास ते हाती लागते, ही त्यांची मूळ धारणा. १९३१ साली त्यांना विशेष प्राध्यापक हे पद मिळाले. त्याच सुमारास, १९३१-३२ मध्ये, त्यांचा भारतप्रवास घडला. ज्या भाषेच्या शब्दांत त्या हालचाल शोधत होत्या, ती भाषा पंडितांच्या मुखातून ऐकण्याचा योग त्यांना वयाच्या चव्वेचाळिशीत आला.

परत गेल्यावर त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने जर्मन सरकारी सेवेतून ज्यूंना दूर करण्यास आरंभ झाला, आणि त्याच वर्षी हाइमान यांचा अध्यापनाचा अधिकार काढून घेण्यात आला. दहा वर्षांपूर्वी स्त्री असूनही मिळालेला अधिकार ज्यू असल्यामुळे गेला. त्या इंग्लंडमध्ये राहिल्या. जर्मन भारतविद्येतील गळती एवढ्यावर थांबली नाही. वाल्टर रूबेन तुर्कस्तानात गेले. हाइनरिश त्सिमर ऑक्सफर्डमार्गे न्यूयॉर्कला पोहोचले. आणि श्रादर यांच्याप्रमाणेच अहमदनगरचा बंदिवास भोगलेले ओटो श्ट्राउस १९४० साली हॉलंडमध्ये वारले.

हाइमान यांचे जाणे वेळेवर झाले म्हणजे काय झाले, हे समजण्यासाठी त्यांच्या पिढीच्या आसपासच्या दोन भाषाशास्त्रज्ञ स्त्रियांकडे पाहावे. व्हिएन्नाच्या एलिझे रिश्टर या रोमान्स भाषांच्या पंडिता. ऑस्ट्रियात विद्यापीठीय अध्यापनाचा अधिकार मिळवणारी पहिली स्त्री ती हीच. १९४३ साली त्या टेरेझिनश्टाटच्या छळछावणीत मरण पावल्या. दुसऱ्या आगाथे लाश. प्रशियात दार बंद म्हणून हायडेलबर्गला जाऊन १९०९ साली डॉक्टर झालेल्या, अमेरिकेत ब्रिन मॉर येथे अध्यापन करता करता मध्यकालीन निम्न जर्मनचे व्याकरण (१९१४) सिद्ध केलेल्या, आणि १९२६ पासून हांबुर्ग विद्यापीठात निम्न जर्मन भाषाशास्त्राच्या प्राध्यापक. ते व्याकरण आजही त्या विषयाचा आधारग्रंथ मानले जाते. १९३४ मध्ये लाश यांना पदावरून काढले, पुढे त्यांची पुस्तकेही हिरावून घेतली, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये बहिणींसह रिगाला नेऊन त्यांची हत्या करण्यात आली. हांबुर्ग आणि वान्ड्स्बेक यांत अंतर ते किती! हाइमान १९३३ साली जर्मनीतच राहिल्या असत्या, तर प्रस्तुत लेख बहुधा येथेच संपला असता.

लंडनमध्ये प्राच्यविद्या संस्थेत त्या संस्कृत आणि भारतीय तत्त्वज्ञान शिकवू लागल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांना नवी भाषा लिहिण्याची भाषा म्हणून स्वीकारावी लागली. १९३७ सालचा ग्रंथ हा या स्थित्यंतराचे फळ होय. पाश्चात्त्य विचार सोफिस्टांपासून मनुष्याला सर्व वस्तूंचे माप मानीत आला. भारतीय विचाराने मनुष्याला विश्वाचा एक घटक मानले, मध्य मानले नाही. आणि या एका भेदातून ईश्वरशास्त्र, नीती, तर्क, सौंदर्यविचार, इतिहासदृष्टी या सर्वांतील भेद उलगडतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ग्रंथ आटोपशीर आहे, वाचनीय आहे. परंतु आज तो समाधान देत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दोन संस्कृतींना दोन ध्रुवांवर उभे केले की मधला प्रदेश ओसाड पडतो. चार्वाक कोठे बसवावे, नव्यन्यायाचे काय करावे, असे प्रश्न तेथे अडचणीचे ठरतात. भारतीय वाचकांना हा ग्रंथ प्रिय झाला याचे एक कारण त्यात आपली स्तुती आहे हे असावे, आणि ते कारण चांगले नव्हे.

युद्ध संपत आले तेव्हा, १९४५ साली, हाइमान यांना सिलोन विद्यापीठात बोलावणे आले. तीनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात त्यांनी १९४९ पर्यंत संस्कृतचे प्राध्यापकपद सांभाळले. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते युरोपात नव्हे, हे नोंदवून ठेवावेसे वाटते. ती चार वर्षे त्या देशाच्या इतिहासातही मोलाची होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाला. तेथे संस्कृतचा प्राध्यापक हा सिंहली, पाली आणि तमिळ यांच्या मध्ये उभा असतो. संस्कृत म्हणजे भारत आणि भारत म्हणजे संस्कृत हे समीकरण पाल्क सामुद्रधुनीपलीकडे तितकेसे सहज मांडता येत नाही. निवृत्तीनंतर त्या लंडनला परतल्या, आणि दोन वर्षांनी, १९५१ मध्ये, रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांचे संस्कृत तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतील उपसर्गांवरील पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावात 'भारतीय' हा शब्द नाही, 'संस्कृत' आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

उपसर्गांचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. यास्काने निरुक्ताच्या आरंभीच दोन मते नोंदवली आहेत: शाकटायनाच्या मते उपसर्गाला स्वतंत्रपणे अर्थ नाही, तो नाम-आख्याताचा अर्थ उजळतो इतकेच, गार्ग्याच्या मते त्याला स्वतःचे नाना अर्थ आहेत. पाणिनीने प्रादिगणातील बाविसांना क्रियेशी योग असता उपसर्ग ही संज्ञा दिली आणि व्यवहारापुरता प्रश्न मिटवला. तथापि द्योतक की वाचक, हा वाद व्याकरणदर्शनात पुढे चालूच राहिला. हाइमान यांचे पुस्तक या वादात गार्ग्याच्या बाजूने उभे राहते असे म्हणता येईल. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत उपसर्ग हा शोभेचा नसून विचाराला दिशा देणारा अवयव आहे, ही त्याची मध्यवर्ती भूमिका.

ही भूमिका किती फलदायी आहे, हे पाहण्यासाठी काही उदाहरणे घेऊ. ती प्रस्तुत लेखकाची आहेत, हाइमान यांची नव्हेत. मा या एका धातूपासून प्रमाण, अनुमान आणि उपमान हे तीन शब्द झाले. मापणे हीच क्रिया. पण एकात ती पुढे जाते, दुसऱ्यात कशाच्या तरी मागून जाते, तिसऱ्यात कशाच्या तरी जवळ जाऊन थांबते. प्रमाणशास्त्राची मांडणी तीन उपसर्गांत सामावली आहे. कारणवादातील थोर संघर्ष घ्यावा. सांख्यांचा परिणाम आणि अद्वैत्यांचा विवर्त. परि आणि वि यांच्या दिशा पाहिल्या की, दूध दह्यात पूर्णपणे वळते आणि दोरी सापाच्या रूपाने भलतीकडे वळल्यासारखी भासते, यातील अंतर शब्दांतच बसलेले दिसते. ऐतरेयोपनिषदात ज्ञा धातूला सम्, आ, वि, प्र लावून चार नामे एका ओळीत ठेवली आहेत. या चारही शब्दांना 'ज्ञान' हा एकच प्रतिशब्द देणारा भाषांतरकार मूळ वाक्याचा निम्मा आशय गमावतो.

मर्यादाही येथेच दिसते. ज्ञान आणि विज्ञान हा गीतेतील जोड घ्यावा. शंकराचार्यांना विज्ञान म्हणजे अनुभवाला आलेले ज्ञान. म्हणजे वि येथे वैशिष्ट्य आणतो, उंची आणतो. ज्ञानदेवांनी सातव्या अध्यायात विज्ञान हे प्रपंचाचे ज्ञान ठरवले. तेथे तोच वि पसारा सुचवतो. उपसर्ग एक, धातू एक, आणि अर्थाची दिशा दोन्हीकडे उलट. शाकटायन हसत असावा. उपसर्गाला अर्थ आहे हे मान्य केले, तरी त्यातील कोणता अर्थ निवडायचा हे अखेर भाष्यकार ठरवतो. हाइमान यांनी ज्यांच्या ग्रंथावर पहिला प्रबंध लिहिला, ते मध्वाचार्य हे तर या स्वातंत्र्याचे मूर्तिमंत उदाहरण.

दुसरी अडचण मला येथील विद्यार्थ्यांनी दाखवून दिली. उपसर्ग समजावून सांगताना तमिळभाषक विद्यार्थ्याला प्रथम हेच नवल वाटते की क्रियेची दिशा शब्दाच्या पुढच्या टोकाला का जोडावी. तमिळचे क्रियापद मागून वाढते. काळ, पुरुष, वचन सारे प्रत्यय मागे लागतात, आणि धातूपुढे उपसर्ग लावण्याची रीतच नाही. तरीही मेय्‌कण्डार यांनी तेराव्या शतकात शिवज्ञानबोधम् हा शैवसिद्धान्ताचा पायाभूत ग्रंथ अवघ्या बारा तमिळ सूत्रांत रचला. भारतीय विचार उपसर्गांनी वळतो असे म्हटले, तर या ग्रंथाचे काय करायचे? संस्कृतातून घेतलेले शब्द त्यात आहेत हे खरे. पण वाक्याची चाल तमिळ आहे. १९३७ च्या हाइमान यांच्यापाशी या प्रश्नाला जागा नव्हती. १९५१ च्या पुस्तकाने आपले क्षेत्र संस्कृतपुरते आखून घेतले, आणि म्हणून त्या प्रश्नाने ते कोसळत नाही.

मराठीची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. उठणे, आणणे, विकणे, पसरणे, बसणे ही आपली साधी क्रियापदे. यांत अनुक्रमे उद्, आ, वि, प्र, उप हे उपसर्ग आहेत. पण ते धातूत इतके विरघळले आहेत की बोलणाऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो. बसणे म्हणजे उप आणि विश्, जवळ शिरणे, हे सांगितल्यावर माणूस चकित होतो. झ्यूल ब्लॉख यांच्या १९२० च्या ग्रंथामुळे आणि टर्नर यांच्या तौलनिक कोशामुळे या विरघळण्याच्या पायऱ्या आपल्याला दाखवता येतात. टर्नर हे १९३७ पासून लंडनच्या त्याच संस्थेचे संचालक होते. संतांच्या मराठीत तत्त्वज्ञान जेव्हा लिहिले गेले, तेव्हा जिवंत उपसर्गांचे तत्सम शब्द आणि गिळलेल्या उपसर्गांची तद्भव क्रियापदे अशी दोन द्रव्ये एका ओवीत आली. त्यांचे परस्परांशी काय नाते जडते, याचा अभ्यास हाइमान यांच्या पद्धतीने करता येईल, आणि तो त्यांच्या पुस्तकाला त्यांनी स्वतः न नेलेल्या ठिकाणी नेईल.

त्यांची अखेरची वर्षे शांततेत गेली. १९ मे १९६१ रोजी, त्र्याहत्तराव्या वर्षी, उत्तर इटलीतील गार्डा सरोवरावरील सिर्मिओने येथे त्यांचा मृत्यू झाला. लॅटिन कवी कातुल्लुस याचे घर याच द्वीपकल्पावर होते असे परंपरा सांगते. ग्रीक-लॅटिनपासून विद्याभ्यास सुरू केलेल्या बाईंना ते ठाऊक असणारच. मागे राहिलेल्या लेखांचे संकलन 'फॅसेट्स ऑफ इंडियन थॉट' या नावाने १९६४ साली लंडनमध्ये निघाले. भारतीय ग्रंथालयांत हे पुस्तक तत्त्वज्ञानाच्या कपाटात ठेवलेले असते. व्याकरणाच्या कपाटापाशी बसणाऱ्या वाचकाने तेथवर जाऊन ते काढावे.